फिजिक्सचा पहिला कोर्स: मार्कांपलीकडचं पदरात कसं पाडून घ्यायचं

फिजिक्सच्या पहिल्या कोर्सला जी मुलं बसतात त्यातली बहुतेक पुढे फिजिक्समध्ये जाणार नसतात, कोणी इंजिनिअरिंगला, कोणी मेडिकलला, कोणी आर्किटेक्चर नाहीतर कॉम्प्युटरला. त्यामुळे ‘याचा मला पुढे काय उपयोग’ हा प्रश्न दर वर्षी निघतो आणि दर वर्षी तेच गुळमुळीत उत्तर मिळतं, की लॉजिकल थिंकिंग वाढतं. खरं सांगायचं तर नुसतं वर्गात बसून काही वाढत नाही. फॉर्म्युल्यांची यादी पाठ केली, त्यात आकडे टाकले, पेपर लिहिला, की दोन वर्षांत सगळं साफ पुसलं जातं. टिकते ती एक सवय. समोर गुंतागुंतीची गोष्ट आली की आधी तिच्यातलं फालतू बाजूला काढायचं, चित्र काढायचं, अंदाज बांधायचा, आणि उत्तर आलं की त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. ही सवय उत्तराच्या आधी आणि नंतर जे करतो त्यातून लागते, आणि नेमकं तेच आपण वेळ नाही म्हणून गाळतो. तर ते गाळलेलं कसं करायचं आणि केलं की हाताला काय लागतं ते सांगतो.

आधी चित्र, फॉर्म्युला शेवटी

न्यूमेरिकल वाचलं की हात आपोआप फॉर्म्युला शोधायला लागतो, दिलंय काय, विचारलंय काय, आणि दोन्ही ज्यात बसतं असं समीकरण कुठलं. सोप्या गणितांना हे चालून जातं, जरा वळण आलं की गाडी तिथेच अडते. त्याऐवजी फ्री बॉडी डायग्राम काढा. एक वस्तू निवडा, तिच्याभोवती एक रेघ ओढा, आणि रेघेच्या बाहेरून तिच्यावर जी जी बलं लागतायत तेवढेच बाण काढा. प्रत्येक बाण काढताना एकच प्रश्न विचारायचा: हे बल कोण लावतंय? पृथ्वी, टेबल, दोरी, हवा, कोणाचं तरी नाव घेता आलं पाहिजे. नाही घेता आलं तर बाण खोडा.

हा प्रश्न किती कामाचा आहे बघा. चेंडू सरळ वर फेकलाय, हातातून सुटलाय, अर्ध्या वाटेवर आहे आणि अजून वरच चाललाय. त्याच्यावर बलं कुठली? भरपूर जण वरच्या दिशेने एक बाण काढतात आणि शेजारी लिहितात ‘हाताचं बल’. अरे पण हात तर खालीच राहिला की! चेंडू वर जातोय तो त्याला वेग आहे म्हणून, वर कोणी ढकलतंय म्हणून नाही. हवा सोडली तर बाण एकच, खाली, पृथ्वीचा. आणि सगळ्यात वरच्या बिंदूला? तिथे वेग क्षणभर शून्य होतो पण त्वरण तेच, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने, कारण त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. हे चुकलं तर वाईट वाटून घेऊ नका, फेकणारा फेकलेल्या वस्तूत एक जोर भरतो आणि हवा नि वजन मिळून तो जोर खातात असं चौदाव्या शतकात पॅरिसमधे जाँ ब्युरिदाँसारखा मोठा विद्वान मांडत होता, आणि गॅलिलिओ-न्यूटनपर्यंत यायला माणसाला आणखी तीनशे वर्षं लागली. ती उडी तुम्हाला एका सेमिस्टरमधे मारायची आहे, अडखळायला होणारच.

दुसरा हमखास सापळा न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा. पुस्तक टेबलावर ठेवलंय, वजन खाली, टेबलाचा आधार वर, दोन्ही सारखेच, म्हणून लोक बिनधास्त लिहितात की ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी. नाही ना. दोन्ही बाण एकाच पुस्तकावर आहेत, आणि तिसऱ्या नियमाची जोडी कधीच एका वस्तूवर नसते. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तिची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. खात्री करायची असेल तर मनातल्या मनात टेबल काढून घ्या, आधार गेला पण वजन आहे तिथेच आहे. खरी जोडी असती तर दोन्ही एकदमच गेली असती.

यातून मिळतं काय, तर हद्द आखायची सवय. कशाचा विचार करतोय आणि कशाचा नाही, आतलं काय, बाहेरचं काय, बाहेरून आत कोण काय करतंय. पुढे पूल डिझाइन करा, सर्किट लावा नाहीतर सॉफ्टवेअरमधला बग शोधा, सुरुवात इथूनच होते.

न्यूमेरिकल सुटलं म्हणजे कळलं असं नाही

हा मुद्दा बऱ्याच जणांना पटत नाही म्हणून जरा सविस्तर. १९९२ मधे अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी एक टेस्ट छापली, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी नावाची. साध्या बोलीभाषेतले तीसेक प्रश्न, हिशोब जवळपास नाहीच, नुसतं सांगायचं की कुठली वस्तू आधी पडेल, कोण कोणाला जास्त ढकलतंय वगैरे. गंमत अशी की अवघड न्यूमेरिकल सोडवणारी मुलंसुद्धा यात धडाधड आपटली. त्याच धर्तीची टेस्ट हार्वर्डमधे शिकवणाऱ्या एरिक मझूर यांनी आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलं तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं लिहू? सगळी मेख याच प्रश्नात आहे. डोक्यात दोन कप्पे असतात, एक परीक्षेचा आणि एक खरा, आणि कोर्स संपेपर्यंत दोघांची गाठच पडत नाही.

ती गाठ घालून द्यायची एक पद्धत मझूर यांनीच रुळवली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी भांडायचं, त्याला पटवायचं, आणि परत उत्तर द्यायचं. १९९८ मधे रिचर्ड हेक यांनी साडेसहा हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांचे अशा टेस्टचे आकडे गोळा करून छापले, तर नुसत्या लेक्चरच्या वर्गांपेक्षा असल्या चर्चा-प्रयोगांच्या वर्गांमधे समज जवळपास दुप्पट वाढलेली दिसली.

तुमच्या वर्गात हे होत नसेल तर दोघं-तिघं मिळून स्वतः करा. नियम एवढाच की चर्चेच्या आधी प्रत्येकाने आपलं उत्तर कागदावर लिहून टाकायचं, नाहीतर जो हुशार समजला जातो त्याच्या मागे सगळे जातात आणि चर्चा होतच नाही. आणि पटवताना ‘फॉर्म्युल्यात तसं येतं’ हे वाक्य बंद. फॉर्म्युला न वापरता सांगता येत नसेल तर अजून कळलेलं नाही असं खुशाल समजा.

काय गाळलं ते लिहून ठेवा

‘हवेचा रोध दुर्लक्षित करा’, ‘दोरीला वस्तुमान नाही’, ‘पृष्ठभाग घर्षणरहित’, असल्या वाक्यांमुळे फिजिक्स म्हणजे खोट्या जगातली गणितं असं वाटायला लागतं. पण गाळणं हेच तर मुख्य कौशल्य आहे राव. गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूंचा नियम शोधताना उतरत्या फळीवरून गोळे सोडले, कारण सरळ पडणारी वस्तू त्याच्या घड्याळांना झेपणारी नव्हती आणि हवेची लुडबुडही कमी करायची होती. १९७१ मधे अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एक हातोडा आणि एक पीस एकदम सोडलं, दोन्ही बरोबरच खाली टेकले. तिथे हवा गाळावी लागलीच नाही, नव्हतीच.

फक्त गाळलं की त्याची किंमत मोजून बघायची. प्रत्येक गणिताच्या शेवटी एक ओळ लिहा: मी काय सोडलं, आणि ते धरलं असतं तर उत्तर वाढलं असतं की कमी झालं असतं. २० मीटरवरून दगड सोडला, गुरुत्व त्वरण १० धरलं, तर २ सेकंदात खाली येतो आणि आपटताना वेग २० मीटर प्रति सेकंद. हवा धरली तर वेग किंचित कमी, दगडाला एवढ्या उंचीवरून फारसा फरक नाही. आता तोच हिशोब २ किलोमीटरवरून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला लावा. वेग येतो २०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर! असा पाऊस असता तर छत्री सोडा, घराबाहेर कोणी पडलंच नसतं. टपोरा थेंबसुद्धा प्रत्यक्षात ९ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास पडतो. म्हणजे दगडाच्या गणितात जे गाळलं ते किरकोळ होतं, थेंबाच्या गणितात जे गाळलं तोच सगळा खेळ होता. फॉर्म्युला दोन्हीकडे एकच, आणि चुकलेल्या ठिकाणी तो स्वतःहून ओरडून सांगत नाही.

थोडं कोडिंग येत असेल, किंवा नुसती स्प्रेडशीट येत असेल तरी, हा थेंब तिच्यात टाकून बघा. दर ०.०१ सेकंदाला त्वरण काढा, त्यावरून नवा वेग, त्यावरून नवी जागा, आणि हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो असं धरा. पहिल्या काही ओळींत वेग भराभर वाढतो आणि मग एका आकड्याला येऊन बसतो, हलतच नाही. हवामानाचे अंदाज असोत की यानांचे मार्ग, कॉम्प्युटर करतो ते शेवटी हेच, छोट्या छोट्या पायऱ्या टाकत पुढे जाणं. डिफरन्शियल इक्वेशन, म्हणजे क्षणोक्षणी बदलणाऱ्या गोष्टीचं समीकरण, या नावाची भीती इथे निम्मी जाते.

उत्तर आलं की त्याची झडती घ्या

पहिली झडती युनिटची. हे शाळेपासून ऐकतोय, युनिट नाही लिहिलं तर अर्धा मार्क कट. पण खरा मामला अर्ध्या मार्काचा नाहीच. १९९९ मधे नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाशी पोचताना हरवलं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर थ्रस्टरचा आवेग (बल गुणिले वेळ) पाउंड-सेकंदात देत होतं आणि तो आकडा वापरणारी मंडळी न्यूटन-सेकंद समजत होती. दोघांत ४.४५ पटीचा फरक. यान ठरल्यापेक्षा बरंच खालून वातावरणात शिरलं आणि संपलं. त्यामुळे युनिट शेवटी चिकटवू नका, पहिल्या ओळीपासून प्रत्येक आकड्याबरोबर चालवा.

युनिटचा दुसरा फायदा जास्त मजेशीर. लंबकाचा आवर्तनकाळ, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, कशावर अवलंबून असेल? लांबी, वस्तुमान, गुरुत्व त्वरण, हे तीन उमेदवार. उत्तर सेकंदात यायला पाहिजे. वस्तुमानाचा किलोग्रॅम कापायला बाकी दोघांत कुठेच किलोग्रॅम नाही, म्हणजे वस्तुमान बाद. राहिली लांबी आणि गुरुत्व त्वरण, लांबी भागिले त्वरण केलं की सेकंदाचा वर्ग येतो, म्हणून वर्गमूळ घ्यायचं. झालं, डेरिव्हेशन न करता सूत्र हातात, फक्त त्याच्या पुढे लागणारा २π हा आकडा यातून मिळत नाही. (छोट्या झोक्यांपुरतं हे धरून चाला.) लांबी चौपट केली की काळ दुप्पट, १ मीटरच्या लंबकाला एका पूर्ण आवर्तनाला साधारण २ सेकंद.

दुसरी झडती टोकांची. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण आलं, साइन लावू की कोसाइन हे आठवत नाही, तर आठवायचं कशाला? उतार शून्य अंश करा, फळी आडवी झाली, ठोकळा हलायला नको. उतार ९० अंश करा, फळी उभी, ठोकळा नुसता खाली पडायला हवा. शून्याला शून्य आणि ९० ला पूर्ण, म्हणजे साइन. पुलीवरच्या दोन वजनांचं उत्तर आलं की दोन्ही वजनं सारखी करून बघा, त्वरण शून्य यायला हवं, मग एक वजन शून्य करा, दुसरं सरळ पडायला हवं. परीक्षेत याला दहा सेकंद लागतात आणि पुढे ऑफिसात कोणी फुगवलेला आकडा समोर ठेवला तर तिथेही हेच करायचं असतं.

तिसरी झडती अंदाजाची, आणि ही खरं तर सोडवायच्या आधी करायची. १६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुस्फोटाच्या वेळी एन्रिको फर्मी हा फिजिसिस्ट सुमारे १६ किलोमीटरवर उभा होता. स्फोटाची लाट आली तेव्हा त्याने हातातून कागदाचे कपटे सोडले, ते अडीच मीटरभर सरकले, त्यावरून त्याने ताकद अंदाजे १० हजार टन टीएनटीएवढी सांगितली. प्रत्यक्ष आकडा २० हजारांच्या थोडा वर होता. दुप्पट चुकला म्हणाल, पण कपटे वापरून बरोबर दहाच्या घातात येणं ही काय साधी गोष्ट आहे?

तुम्ही साध्यापासून सुरू करा. माणूस आयुष्यभरात किती हृदयाचे ठोके घेतो? मिनिटाला ७०, म्हणजे दिवसाला लाखभर, वर्षाला साडेतीन-पावणेचार कोटी, ७० वर्षांत अडीचशे कोटींच्या आसपास. माणूस किती वॅटचा? दिवसाला २००० किलोकॅलरी म्हणजे ८४ लाख ज्यूल, दिवसाचे सेकंद ८६,४००, भागा, जवळपास १०० वॅट. जुन्या पिवळ्या बल्बएवढा. आणि ६० किलोचा माणूस ३ मीटरचा जिना ३ सेकंदात पळत चढला तर ६०० वॅट, पण ते मिनिटभरसुद्धा जमत नाही म्हणून तर धाप लागते. हे एकदा हाताखालून गेलं की कोणी पावलांवर वीज बनवून सगळी इमारत चालवायच्या गोष्टी करायला लागलं की कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत त्याचा फुगा फोडता येतो.

दुप्पट केलं तर काय होईल

या एका प्रश्नासाठी मी वेगळं हेडिंग दिलंय कारण पहिल्या कोर्समधून एकच गोष्ट न्यायची परवानगी असती तर मी हीच घेतली असती. आकडे विसरा, समीकरण बघा आणि विचारा, हे दुप्पट केलं तर ते किती पट.

ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. कोरड्या रस्त्यावर ब्रेकचं त्वरण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग धरलं तर ताशी ४० ला साधारण ९ मीटर, ताशी ८० ला ३५. वर ड्रायव्हरला पाय उचलून ब्रेकवर ठेवायला सेकंदभर लागतो, तेवढ्यात आणखी ११ आणि २२ मीटर, म्हणजे एकूण २० विरुद्ध ५७. पण खरा झटका पुढे आहे. दोन गाड्या शेजारी-शेजारी, एक ताशी ८० ला, एक १०० ला, दोघांनी एकाच जागी सारखेच ब्रेक दाबले. ८० वाली जिथे पूर्ण थांबली तिथे १०० वालीचा वेग किती? सगळे म्हणतात २०. उत्तर ६०! कारण दोघींच्या वेगाच्या वर्गातून सारखीच वजाबाकी होते, १०,००० वजा ६,४०० म्हणजे ३,६००, त्याचं वर्गमूळ ६०. वेगमर्यादेचं भाषण एकीकडे आणि ही एक ओळ एकीकडे.

मेडिकलवाल्यांसाठी असाच एक: बारीक नळीतून संथ वाहणारा द्रव त्रिज्येच्या चौथ्या घातावर जातो, म्हणजे दाब तोच ठेवून त्रिज्या अर्धी केली की प्रवाह सोळावा हिस्सा. रक्तवाहिनी थोडीच आकसली तरी डॉक्टर एवढे गंभीर का होतात ते यावरून कळतं.

कुठली वाट घ्यायची ते ओळखा

न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग (मोमेंटम, वस्तुमान गुणिले वेग), एकाच गणिताला तीन दरवाजे असतात आणि चुकीच्या दरवाज्याने गेलं की दोन पानं भरतात. ढोबळ नियम असा, वेळ किंवा बल विचारलंय तर न्यूटन, नुसता सुरुवातीचा आणि शेवटचा वेग किंवा उंची हवी असेल तर ऊर्जा, धडक किंवा स्फोट असेल तर संवेग. मातीचे दोन सारखे गोळे, एक थांबलेला, दुसरा येऊन चिकटला. संवेग तेवढाच राहतो म्हणून वेग निम्मा होतो, पण गतिज ऊर्जेतली निम्मी गेली, माती चेपण्यात आणि उष्णतेत. इथे कोणी ऊर्जेच्या दरवाज्याने गेला की हमखास चुकतो.

१९८१ मधे ची, फेल्टोविच आणि ग्लेझर यांनी नवख्यांना आणि जाणकारांना फिजिक्सच्या गणितांचे गट पाडायला सांगितले. नवख्यांनी ‘उताराची’, ‘स्प्रिंगची’ असे गट पाडले, जाणकारांनी ‘ऊर्जा अक्षय्यतेची’, ‘दुसऱ्या नियमाची’ असे. म्हणून एक रियाज सांगतो, परीक्षेच्या आठवडाभर आधी वेगवेगळ्या चॅप्टरमधली वीस गणितं घ्या, पानांची सरमिसळ करा, आणि एकही न सोडवता फक्त शेजारी लिहा, कुठलं तत्त्व आणि का. चॅप्टरच्या शेवटची गणितं ओळीने सोडवत बसलं की हा सरावच होत नाही, कारण कुठलं तत्त्व ते चॅप्टरच्या नावानेच सांगून टाकलेलं असतं.

प्रॅक्टिकल जर्नलसाठी नसतं

जर्नल मागच्या बॅचचं उतरवायचं ही प्रथा सगळीकडे असते आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. लंबकाचंच घ्या. स्टॉपवॉच दाबताना हाताची गडबड ०.२ सेकंदाची धरली आणि एकच आवर्तन मोजलं तर २ सेकंदात ०.२, म्हणजे १० टक्के चूक. २० आवर्तनं मोजा, ४० सेकंदात तेवढीच ०.२, चूक अर्धा टक्का. यंत्र तेच, हात तोच, फक्त मोजायची पद्धत बदलली. मग आवर्तनकाळाचा वर्ग आणि लांबी असा ग्राफ काढा, सरळ रेघ येते, स्लोपवरून गुरुत्व त्वरण मिळतं. आता रेघ उगमातून जात नसेल तर रीडिंग ‘अॅडजस्ट’ करायला जाऊ नका, तिथेच खजिना आहे. लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली असेल आणि मध्यापर्यंत नसेल तर रेघ बरोबर गोळ्याच्या त्रिज्येएवढी सरकते आणि स्लोपला धक्काही लागत नाही. म्हणजे मोजण्यातली चूक ग्राफने स्वतःच पकडून दिली आणि उत्तरही वाचवलं.

मोठ्या लोकांनाही याच वाटेने जावं लागतं. सप्टेंबर २०११ मधे ऑपेरा नावाच्या प्रयोगाच्या लोकांना न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचताना दिसले. त्यांनी आकडा दाबला नाही, जगजाहीर करून सांगितलं की आम्हाला चूक सापडत नाहीये, तुम्ही तपासा. पुढच्या वर्षी कळलं की एक फायबर ऑप्टिक केबल नीट बसलेली नव्हती. प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही म्हणणारा आइन्स्टाइन वाचला. जर्नलमधे ‘९.८१’ अगदी बरोब्बर आणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं, कारण शाळा-कॉलेजच्या लॅबमधे तसा आकडा आला की सरांना पहिला संशय येतो.

अडकलात तर

सोल्यूशनचा व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतं, तो निव्वळ भास असतो. आधी वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास स्वतः झगडा, आणि कुठे अडलं ते एका वाक्यात लिहा. ‘काहीच येत नाही’ हे वाक्य चालणार नाही, ‘घर्षण कुठल्या दिशेला ते कळत नाही’ असं हवं. मग सोल्यूशनमधली तेवढीच ओळ बघा, बंद करा, पुढे जा. दुसऱ्या दिवशी तेच गणित कोऱ्या कागदावर परत. संख्येने कमी गणितं होतील, होऊ देत.

आणि हो, या कोर्सने माणूस प्रत्येक बाबतीत तर्कशुद्ध होतो असं काही नसतं, लॅबमधे एरर काढणारे लोक बाहेर येऊन कुठलाही फॉरवर्ड खरा मानतात. सवय आपोआप दुसरीकडे जात नाही, मुद्दाम न्यावी लागते.

दुसऱ्या सेमिस्टरला विजेचा भाग येतो तेव्हा चेंडू आणि ठोकळे जातात, डोळ्याला काही दिसत नाही, आणि पहिलं सगळं विसरून मुलं परत फॉर्म्युल्याच्या मागे लागतात. तिथे सुरुवातीलाच एक प्रश्न स्वतःला आणि मित्राला घाला. एक बॅटरी, दोन एकसारखे बल्ब एका ओळीत, सीरिजमधे. कुठला जास्त उजळ? पहिला बल्ब थोडा करंट ‘खातो’ म्हणून दुसरा मंद, असं ज्याला वाटतं त्याच्या डोक्यात परत ब्युरिदाँसारखंच काहीतरी बसलंय. दोन्ही सारखेच उजळतात, करंट खर्च होत नाही, ऊर्जा होते. आता तिसरा तसाच बल्ब दुसऱ्याला पॅरलल लावा. एकूण रोध कमी झाला म्हणून करंट वाढला, पहिला बल्ब आधीपेक्षा उजळ, आणि दुसरा मंद, कारण बॅटरीच्या व्होल्टेजमधला त्याच्या वाट्याचा हिस्सा निम्म्यावरून एक तृतीयांशावर आला. हे फॉर्म्युला न मांडता नुसतं बोलून मित्राला पटवता आलं तर पुढच्या चॅप्टरला जा, नाहीतर लॅबमधून तीन बल्ब मागून घ्या आणि तारा जोडून बघा.